वाक्ये एकूण चाळीस फक्त

विषय : गृहसाहाय्य संच (बोलत्या पेटीसह) परत घेऊन जाण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मूळ अर्ज. २) अर्जदाराची स्मरणपत्रे, एकूण तीन. ३) केंद्राने अर्जदाराच्या घरी फोनवरून केलेली चौकशी.

उपरोक्त विषयाची हकीकत पुढीलप्रमाणे आहे.

१

अर्जदार हा निवृत्त कारकून. छत्तीस वर्षे त्याने दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, म्हणून कचेरीत त्याला शेरेबहाद्दर म्हणत. त्याच्या टेबलावर आलेला कागद कधी हरवला नाही. निकाली निघाला असेही फारसे झाले नाही.

त्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तीस वर्षे कानाला यंत्र लावून बसली आणि कानाची पक्की झाली. पाच वर्षांपूर्वी एकदाच बोललेला माणूस नुसत्या 'हॅलो'वरून ओळखायची. "चेहऱ्याचं काय घेऊन बसलात, चेहरा सगळ्यांनाच असतो," असे ती म्हणे. लग्नाला होकारही तिने याचा आवाज ऐकून दिला होता. चेहरा पाहून दिला असता का, हा प्रश्न त्याने कधी उपस्थित केला नाही.

गेल्या तीन वर्षांत तिची आठवण चालली होती. आधी वस्तू कुठे ठेवल्या ते गेले, मग त्या कशासाठी असतात ते, मग नावे. मुलीचे नाव गेले त्या दिवशी मुलगी फोनवर हमसून रडली. उरला होता एकच शब्द : अहो. सकाळी डोळे उघडले की ती "अहो" म्हणे, तो स्वयंपाकघरातून "काय गं?" म्हणे, आणि ती पुन्हा शांत पडून राही. त्या एका शब्दाच्या टेकूवर त्याचा दिवस उभा होता.

मग ती दोनदा घराबाहेर गेली. दुसऱ्यांदा सापडली ती बसथांब्यावर, पायात घरातल्या सपाता. ड्यूटीला उशीर होतोय म्हणाली.

दूर राहणाऱ्या मुलीने फोनवरून निकाल दिला. "बाबा, आणखी एकदा असं झालं तर मी आईला निवासी केंद्रात ठेवणार. तुमच्याच्याने होत नाही."

"माझ्याच्याने होतंय."

"दरवाजा उघडा ठेवून झोपलात तुम्ही!"

दुसऱ्याच दिवशी त्याने गृहसाहाय्य सल्ला केंद्राकडे भेटीसाठी अर्ज केला.

२

सल्लागार बाई मंगळवारी सकाळी आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत चार रंगांची माहितीपत्रके. बसण्याआधी त्या सगळे घर फिरल्या. दाराची कडी वरखाली करून पाहिली, गॅसचे बटण फिरवले, पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची पावले मोजली.

"यंत्र घ्यायचं की नाही हे मी ठरवणार नाही," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही ठरवायचं. मी फक्त प्रश्न विचारते."

"प्रश्न विचारायला काही लागत नाही. छत्तीस वर्षं मी दुसरं केलं काय?"

बाई हसल्या आणि त्यांनी प्रश्न विचारले. सर्वांत मोठी भीती कशाची? घंटा वाजली तर किती मिनिटांत कोण पोहोचेल? यंत्र बिघडलं तर? नकोसं झालं तर ते काढायचं कोणी ठरवायचं? मग त्यांनी पत्रके उलगडली. दार उघडलं की वाजणारी घंटा. गादीखाली घालायची चटई, माणूस उठला की कळवणारी. गॅस आपोआप बंद करणारी कळ. आणि सगळ्यांत शेवटी बोलती पेटी. ती वेळेवर आठवण करून देई, हाकेला ओ देई, दाराचे कुलूपही तिच्याच ताब्यात असे.

"हिला आवाज मात्र घरच्या माणसाचा लागतो. यंत्राचा आवाज माणसं ऐकत नाहीत, बिचकतात."

"माझा तरी कुठे ऐकते?"

"काका, एक सांगू? सगळं एकदम घेऊ नका. दाराच्या घंटेपासून सुरुवात करा. आणि काकूंना विचारा."

काकू शेजारीच बसल्या होत्या, हातात कप. त्याने संचासाठीचा छापील अर्ज पुढे सरकवला. तो आदल्या दिवशीच भरून झाला होता. चौदावा रकाना : 'लाभार्थीची स्वतःची इच्छा'. त्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिले होते : लागू नाही.

"रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो," त्याने खुलासा केला.

बाईंनी तो रकाना जरा जास्तच वेळ वाचला. "खोडता येईल हे. अजून वेळ आहे."

"खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते," तो म्हणाला, आणि विषय संपवला.

"लाइन मिळाली का तुम्हाला?" बायकोने अचानक बाईंना विचारले.

"मिळतेय, काकू," बाई म्हणाल्या. भल्या होत्या.

त्याने सगळा संच घेतला.

३

केंद्राने वाक्यांची यादी पाठवली होती. मी इथेच आहे. गोळी घेतलीस का? आत्ता बाहेर जायचं नाही. अशी चाळीस. बंद खोलीत बसून त्याने ती वाचली, आणि जन्माची खोड आडवी आली : प्रत्येक वाक्याआधी त्याने क्रमांकही वाचला. नंतर घरच्या रजिस्टरात यादी उतरवली, खाली लिहिले 'वाक्ये एकूण चाळीस फक्त', सही केली आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ ओढली. मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून अशी रेघ ओढतात. तिच्यावर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

पेटी चहाच्या डब्याशेजारी फळीवर बसली. पहिल्याच सकाळी ती त्याच्या स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "क्रमांक तीन. गोळी घेतलीस का?"

बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो, घरातसुद्धा आवक-जावक सुरू केलीत का?"

एवढे मोठे वाक्य ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. केंद्राचा माणूस फोनवर म्हणाला की क्रमांक कापून टाकता येतील. त्याने सांगितले, राहू द्या.

महिनाभर सगळे सुरळीत चालले. बायको वेळेवर गोळी घेई, दाराशी गेली की क्रमांक नऊ ऐकून मागे फिरे. तिकडे मुलीच्या फोनवर घरातल्या प्रत्येक खोलीसाठी एक हिरवा ठिपका उमटे. "बाबा, सगळं हिरवं आहे," ती म्हणे. तिच्या आवाजातला राग उतरला होता.

४

पाचव्या आठवड्यात त्याचा घसा बसला. डॉक्टरने घशात दिवा घालून पाहिले. "आठ दिवस तोंडाला कुलूप. कुजबूजसुद्धा नको."

पहिल्या सकाळी बायकोने "अहो" म्हटले. तो धावत तिच्यापुढे जाऊन उभा राहिला, हातवारे केले. तिने त्याच्याकडे पाहिले. चुकीच्या मजल्यावर आलेल्या माणसाकडे पाहावे तसे. तेवढ्यात फळीवरून आवाज आला, "क्रमांक एक. मी इथेच आहे." तिने डोळे मिटले.

त्याला बरेच वाटले. साहेब रजेवर गेला की प्रभारी नेमावाच लागतो. पण प्रभारी खुर्चीत रुळला की कार्यभार परत करताना त्याच्या हाताला घाम सुटतो, हेही त्याने पाहिले होते. ते त्याला तेव्हा आठवले नाही.

सहाव्या दुपारी तो ओट्याशी सफरचंद चिरत होता. उन्हाचा पट्टा फरशीवर पडला होता. बायको टेबलाशी बसून फळीकडे पाहत म्हणाली, "अहो, हा माणूस कोण आहे?"

सुरी थांबली. नळाचा एक थेंब पडला, मग दुसरा.

"क्रमांक एक्केचाळीस," त्याचा आवाज म्हणाला. "त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस."

५

त्याने रजिस्टर काढले. चाळीस. खाली सही, खाली रेघ. रेघेला कोणी हात लावलेला नव्हता.

सवयीने त्याने टिपणी तयार केली. (अ) ऐकण्यात चूक. (ब) केंद्राने परस्पर भर घातली. (क) आपणच बोललो आणि विसरलो. तिसऱ्या शक्यतेपुढे त्याने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि खोडून टाकले.

घसा सुटल्यावर पहिला फोन केंद्राला केला. सल्लागार बाईंची बदली झाली होती. नव्या अधिकाऱ्याने नोंद तपासली.

"पेटीत चाळीसच वाक्यं आहेत, सर."

"माझ्याही रजिस्टरात चाळीसच आहेत."

"मग प्रश्नच मिटला की!"

घसा सुटला होता, पण आवाज पहिला राहिला नव्हता. त्याला गंजलेल्या बिजागरीची करकर लागली होती. सकाळी ती "अहो" म्हणाली तेव्हा त्याने आणि पेटीने एकदमच ओ दिली. ती उठून बसली. मान कलती करून, एक्स्चेंजमध्ये बसायची तशी, तिने दोन्ही आवाज ऐकले.

"काय गं?" तो पुन्हा म्हणाला.

"राँग नंबर आहे," ती अदबीने म्हणाली, आणि फळीकडे वळली.

बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. वाक्ये साधीच होती. बरणीचं झाकण लाव. ऊन आलं, पडदा ओढ. तुझा तो निळा स्वेटर कुठे आहे? तो स्वेटर तिने लग्नाआधी विणला होता आणि बोहारणीला देऊन तीस वर्षे झाली होती. त्याबद्दल पेटीपुढे कोणी बोलले नव्हते. ती मात्र स्वेटरबद्दल तासभर बोलली, हसली, टाक्यांची नावेसुद्धा सांगितली. पेटी मध्येच "हं" म्हणे. ऐकताना पेटी कंटाळत नव्हती. आपण असे "हं" शेवटचे कधी म्हटले होते, हे त्याने आठवून पाहिले. आठवले ते "किती वेळा सांगू?" एवढेच.

एका दुपारी त्याने वायर उपटली. बायको ताडकन उठली. "लाइन कापली! लाइन कापली कुणीतरी!" ती दाराकडे धावली, दारावर मुठी आपटू लागली. तो तिच्यामागे "अगं, मी आहे ना, मी आहे" म्हणत राहिला. ती त्याच्यापासून भिंतीत शिरू पाहत होती. शेवटी त्यानेच वायर पुन्हा खोचली.

"क्रमांक एक. मी इथेच आहे."

ती तिथेच फरशीवर बसली आणि सुटल्यासारखी रडली. त्यालाही सुटल्यासारखे वाटले. सगळ्यात वाईट तेच होते.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तो म्हणाला, पेटी परत देतोय.

"पण परवाच तर तुम्ही म्हणालात ना, पेटी आली आणि मी सुटलो?"

"परवा मी फोनच केला नाही."

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हीही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. माझ्यासाठी."

फोन ठेवून त्याने संच परत नेण्याबाबतचा मूळ अर्ज लिहायला घेतला.

६

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तो अर्ज टपालात टाकायला निघाला. टपालपेटी कोपऱ्यावरच होती, जाऊन येऊन बारा मिनिटे. फोन घरातच राहिला. किल्लीही घरात खिळ्याला, कारण नव्या कुलपाला किल्ली लागत नव्हती. ते त्याचा आवाज ओळखत असे.

परत येऊन तो दाराशी उभा राहिला. "उघड."

कुलपाचा खट्ट आवाज आला नाही.

"उघड. मी आहे."

आत टेबलाची खुर्ची सरकली. मग दाराच्या अगदी जवळून, फळी इतकी जवळ नव्हती, त्याचा घसा बसण्याआधीचा आवाज म्हणाला, "कोण?"

तो दाराकडे बघत राहिला. काय चुकले ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. क्रमांक नव्हता.

आतून बायको म्हणाली, "अहो, कोण आलंय?"

"कोणी नाही गं. राँग नंबर. तू चहा घे, गार होतोय."

कुलूपवाला आला. त्याने रीतसर दार ठोठावून विचारले, उघडू का? आतून "नको" असे उत्तर आले. कुलूपवाल्याने दाराकडे पाहिले, मग अर्जदाराकडे, आणि पिशवी उचलून तो चालता झाला. शेजाऱ्यांशी ओळख होती, पण ती 'नमस्कार, बरं आहे ना' एवढीच, आणि तेवढ्या ओळखीवर कोणी दुसऱ्याचे दार फोडत नाही.

दुकानातून त्याने मुलीला फोन लावला. "अगं, मी बाबा."

"कोण बोलतंय?"

"मी. घसा बसला होता ना, म्हणून आवाज..."

"बाबा घरी आहेत. आत्ताच बोलले माझ्याशी. मला दिसतंय इथे, घरात दोन माणसं आहेत आणि दोघंही ठीक आहेत." तिचा आवाज कापत होता. "म्हाताऱ्या माणसांना फसवता, लाज नाही वाटत? पुन्हा या नंबरवर फोन केलात तर पोलिसांत देईन."

त्याने दुकानदाराला फोन परत दिला. सावध पोरगी. आपणच तसे शिकवले होते.

७

स्वयंपाकघराची खिडकी इमारतीमागच्या बोळात उघडते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिथे, पाण्याच्या पाइपाला धरून, विटेवर उभा राहिला. भरदिवसा, ऊन टळटळीत. पडद्याला चार बोटांची फट होती.

बायको टेबलाशी बसली होती, केस विंचरलेले. समोर दोन कप. ती हसून काहीतरी सांगत होती. समोरची खुर्ची पडद्याआड होती. टेबलाच्या कडेला फक्त एक हात दिसत होता. मनगटापर्यंत बटण लावलेली बाही, मधल्या बोटाला लेखणीचा जुना घट्टा. हाताखाली रजिस्टर उघडे होते. हात सावकाश, घाई न करता, पानाच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढत होता.

त्याने स्वतःच्या मधल्या बोटाकडे पाहिले. घट्टा होता. एवढा दिलासा त्याने घेतला, आणि मग तो दिलासा कसला हे त्याला कळेना.

"अगं," तो खिडकीतून म्हणाला.

ती दचकली नाही. मान कलती करून ऐकू लागली. तीस वर्षे अनोळखी आवाजांशी सभ्यपणे बोललेली बाई.

"बोला. कोण हवंय आपल्याला?"

त्याला पुष्कळ बोलायचे होते. पण तोंडून जे आले ते त्याचे त्यालाच नवे होते. "तुला काय हवंय? मी कधी विचारलं नाही. तुला काय हवंय, ते सांग."

तिने विचार केला. खरोखर केला, कपाळावर ती जुनी आठी पडली. रेघ ओढणारा हात थांबला. तोही उत्तराची वाट पाहत असावा.

"मला काही नको हो," ती म्हणाली. "आमचे हे आहेत घरात." मग आवाज खाली आणून, एखाद्या दुखावलेल्याशी बोलावे तशी, "तुमचं कोणी नाही का, भाऊ?"

हात पुढे आला आणि त्याने पडदा नीट ओढून घेतला.

८

केंद्रातले नवे अधिकारी सज्जन आहेत. अर्जदार रोज दहाला येतो, त्याला ते बसा म्हणतात. अर्जदार रात्री लॉजवर असतो, दिवसा इथे बाकावर. पहिल्या स्मरणपत्रानंतर त्यांनी नियमाप्रमाणे घरी फोन करून चौकशी केली.

"तिथले गृहस्थ फार सौजन्याने बोलले," अधिकारी म्हणाले. "स्मरणपत्राचा मसुदा चांगला आहे, असंही म्हणाले. पण अर्जदार आपल्या ओळखीचे नाहीत आणि पेटी काढायची नाही."

"त्यांनी असं लेखी दिलंय?"

"हो तर. तुमच्याच अर्जावर खुलासा मागवला होता, तो भरून पाठवलाय." अधिकाऱ्यांनी कागद त्याच्यापुढे फिरवला. सगळे रकाने भरलेले होते, अक्षर सुवाच्य, खाडाखोड नाही. खाली कोरी राहिलेली जागा तिरक्या रेघेने बंद केलेली. चौदाव्या रकान्यात छापले होते 'अर्जदाराची स्वतःची इच्छा', आणि त्यापुढे लिहिले होते : लागू नाही.

अर्जदाराने ते दोनदा वाचले. दोष काढायला जागा नव्हती. त्याच्या टेबलावर असा कागद आला असता तर त्यानेही पुढे पाठवला असता.

"पुढे काय?" त्याने विचारले.

"वर पाठवलाय, निर्णय यायचाय. तोवर घरी जाऊन आराम करा ना, काका," अधिकारी म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी फाइल मिटली.

तिसरे स्मरणपत्र काल आवक झाले. मूळ अर्ज प्रलंबित आहे.